गेर्डाचा श्वास

मी गेर्डा बोलतेय. नाव बाईचं असलं तरी मी बाई नाही. बर्फावरच्या हॉकीत खेळ थांबला की एक बोजड गाडी मैदानात उतरते आणि गोल गोल फिरून खरवडलेला बर्फ पुन्हा गुळगुळीत करते, ती मी. सध्या हॉलच्या मागे ताडपत्रीखाली उभी आहे. उद्या मला न्यायला ट्रक येणार आहे. त्याआधी मला बोलायलाच हवं.

माझं काम समजायला सोपं आहे. पोटाखालच्या पात्याने वरचा खराब बर्फ तासायचा आणि मागे गरम पाण्याचा पातळ हात फिरवायचा, घरी फरशी पुसतात ना, तसा. पाणी गोठलं की मैदान नवं. हे सगळं मी गॅसवर करते. गॅस खाते आणि धूर सोडते. हा धूर लक्षात ठेवा.

तरुणपणी मी न्युरेम्बर्गच्या एका मोठ्या हॉलमध्ये होते. ढोल, झेंडे, आरडाओरडा, काय तो थाट! मग तिथे विजेवर चालणारी एक नवी आली आणि माझी रवानगी झाली ब्राउनश्वाइगजवळच्या एका गावात, 'आइसफ्युक्से' नावाच्या क्लबात. म्हणजे बर्फावरचे कोल्हे. हे कोल्हे कुठल्या लीगमध्ये खेळतात ते विचारू नका, त्याच्या खाली फारसं काही उरत नाही. संघात एक दातांचा डॉक्टर, एक बेकरीवाला आणि गुडघे गेलेले दोन शिक्षक. हरले की बिअर पितात, जिंकले की जरा जास्त पितात.

पण मला इथे करमलं. इथे पगारी माणूस नाही, ज्याला जे जमतं ते तो करतो. कोणी केक भाजून आणतं, कोणी शिट्टी वाजवतं. माझ्या वाट्याला उवे आला. आयुष्यभर नळ दुरुस्त करून निवृत्त झालेला, मोठ्या पोटाचा, भला माणूस. त्यानेच मला आपल्या आत्याचं नाव दिलं. रोज किल्ली फिरवायचा, माझ्या पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "लॉइफ्ट!" म्हणजे, चालतंय. त्याचं सगळं तत्त्वज्ञान या एका शब्दात मावायचं.

मुलांच्या संघात स्वानंदी नावाची पोरगी होती. अकरा वर्षांची, इथेच जन्मलेली. आईबाबा पुण्याचे. आई मराठीत विचारायची, ही जर्मनमध्ये उत्तर द्यायची. ती गोलकीपर. अंगावर एवढं चिलखत की आत मूल आहे की गादी, कळायचं नाही. सराव संपला की माझ्या चाकाला हात लावून "चूस, गेर्डा!" म्हणायची, म्हणजे, येते हं. बाकीची पोरं पळत असतात, बाकावर येऊन बसतात. गोलकीपर मात्र तिथेच उभा राहतो, बर्फावर. हेही लक्षात ठेवा.

तिची आई वीणा एका मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. गाड्यांच्या धुरात काय काय असतं ते मोजणं हेच तिचं काम. हिवाळ्यात तिच्या सासूबाई, मालिनीबाई, पुण्याहून राहायला आल्या. शाल, कानटोपी, थर्मासमध्ये आमसुलाचं सार आणि बरणीत मोरावळा असा सरंजाम घेऊन त्या दर रविवारी बाकावर बसायच्या. नातीने गोल अडवला की सगळ्यांच्या आधी टाळ्या त्यांच्याच.

त्याच हिवाळ्यात माझी छाती बिघडली. गॅस नीट जळेना. धूर जड व्हायला लागला, सुरू होताना खोकला यायचा. उवेने ऐकलं, मान हलवली आणि म्हणाला, "लॉइफ्ट!" मला त्याचा राग येत नाही. चालणाऱ्या गाडीला कोण डॉक्टरकडे नेतं?

तरी हॉलला एक मोठा पंखा होता, माझा धूर बाहेर ओढून टाकणारा. तो माझ्याहून जास्त घरघरायचा. मागच्या घरातले एक आजोबा एके दिवशी हॉलवर आले. रविवार म्हणजे इथे शांततेचा दिवस. या दिवशी भिंतीला खिळा ठोकला तरी शेजारी दारात येतो. ते म्हणाले, "रविवारी रूहेत्साइट असते. हा पंखा आम्हाला शांतपणे जेवू देत नाही." म्हातारबाबांचं काही चुकलं नव्हतं. क्लबाची सभा भरली, हात वर झाले आणि ठरलं: रविवारी पंखा बंद. कोणालाही न दुखावता तंटा मिटला म्हणून सगळे खूश होते. कोपऱ्यात उभ्या असलेल्या मला हात नव्हता वर करायला.

मुलांचा सराव रविवारीच असायचा.

पुढच्याच रविवारी स्वानंदी हेल्मेट काढून आजीजवळ आली. "मिअर इस्ट श्लेष्ट, आजी." कपाळ धरलेलं, चेहरा उतरलेला.

"मळमळतंय ना? पित्त झालंय," मालिनीबाई म्हणाल्या. "सकाळी काही न खाता बर्फात उभं राहायचं, दुसरं काय होणार? घे, मोरावळा घे."

प्रशिक्षकाने लांबूनच निदान केलं. "क्राइसलाउफ! पाणी पी." इथे कोणाला गरगरलं की रक्ताभिसरणाला दोष द्यायचा, आपल्याकडे पित्ताला देतात तसाच. दोन्ही घराण्यांचं औषध तयार होतं, त्यामुळे आणखी विचार करायची गरज कोणाला वाटली नाही.

वीणाने एकदा हवा हुंगली. "अहो आई, इथे कसला तरी वास येतोय का?"

"अगं, एवढी घामेजलेली पोरं. अत्तराचा यायचाय का?"

दोघी हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. माझ्या धुराचा थोडा तरी वास येतो, पण त्यातलं खरं विष, कार्बन मोनॉक्साइड, त्याला वासही नसतो आणि रंगही. ते थंड बर्फावर साचून राहतं. ही माणसं घरी कडाक्याच्या थंडीतही रोज सकाळी खिडक्या सताड उघडून हवा खेळवतात, पाहुण्यांनाही तसं करायला लावतात. इथे कोणाला एक दार उघडायचं सुचलं नाही.

मग मुलांच्या स्पर्धेचा रविवार आला. सामन्यामागून सामने, आणि प्रत्येक मध्यंतरात मी बर्फावर. प्रत्येक फेरीला मला वाटायचं, आता बंद पडावं. पण किल्ली फिरवली की मी सुरू होते, मला दुसरं काही येत नाही.

दुपारच्या सामन्यात चकती, या हॉकीत चेंडूऐवजी असते ती, अगदी सावकाश घसरत स्वानंदीकडे आली. तिने काठी हलवली नाही. चकती गोलात गेली. लोक हसले. मग ती गुडघ्यावर बसली आणि हळूच कुशीवर कलंडली, झोप आल्यासारखी. तेवढ्यात बाकावरच्या एका मुलाला उलटी झाली. मग दुसऱ्याला.

वीणा वरच्या काचेच्या खोलीत कॉफी घेत होती. तिने खाली पाहिलं. पोरांकडे, पंख्याकडे आणि मग माझ्याकडे. तिचे डोळे माझ्या धुराच्या नळीवर थांबले तेव्हाच मला कळलं, हिला कळलं. जिन्यावरून धावत ती ओरडली, "दारं उघडा! सगळी दारं उघडा! ही हवा विषारी आहे!"

घाबरल्यावर माणूस आपल्याच भाषेत ओरडतो. हॉल नुसता बघत राहिला. ते मराठी समजणारं त्या गर्दीत शुद्धीवर असलेलं एकच माणूस होतं. मालिनीबाई उठल्या. त्यांना जिना उतरताना कठडा लागायचा, पण त्या दिवशी सार सांडलं, शाल पडली, आणि त्यांनी संकटकाळच्या दाराचा आडवा दांडा दोन्ही हातांनी ढकलला. भोंगा किंचाळायला लागला आणि बर्फासारखी थंड, स्वच्छ हवा आत घुसली. तोवर वीणाचं जर्मन परत आलं होतं.

भोंगा ऐकून मागचे आजोबा तणतणत बाहेर आले. गवतावर ओळीने आडवी पडलेली पोरं त्यांनी पाहिली. मग ते घरात गेले आणि असतील नसतील तेवढी पांघरुणं घेऊन आले.

स्वानंदी वाचली. बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये होती, बाकीची पोरं आधी सुटली. मालिनीबाई पुण्याला परतल्या त्या मोरावळ्याची बरणी इथेच ठेवून. वीणाला कोणी शाबासकी दिली की ती तोंड फिरवते. "मी आधीच्या रविवारी हुंगलं होतं," एवढंच म्हणते.

परवा स्वानंदी मला भेटायला आली. हात लावला नाही. ताडपत्रीजवळून जाताना तिने गाल फुगवून श्वास रोखून धरला होता, पार दरवाज्यापर्यंत. एवढ्या वर्षांत मला कोणी इतकं दुखावलं नव्हतं, आणि तिचं काहीच चुकलं नव्हतं.

काल एक माणूस मला बघून गेला. दूरच्या एका गावचा क्लब आहे, आमच्याहूनही लहान. त्यांची गाडी ऐन हंगामात बंद पडलीय. उवे हात जोडल्यासारखा सांगत होता, "फक्त सुट्या भागांसाठी न्या, बर्फावर नको." तो माणूस "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, करत माझे टायर दाबून बघत होता. मग त्याने स्वतःच किल्ली फिरवली. मी सुरू झाले. तो खूश होऊन म्हणाला, "आमचा हॉल छोटा आहे, पण काय बंदिस्त आहे! वाऱ्याची झुळूकही आत येत नाही."

उवेने या वेळी "लॉइफ्ट" म्हटलं नाही. पण किल्ली परतही मागितली नाही.

म्हणून तुम्हाला विनवते. बर्फावरून आलेलं तुमचं पोर डोकं दुखतंय म्हणालं, तर त्याला मोरावळा मागाहून द्या. आधी दार उघडा.

उद्या शनिवार, ट्रक सकाळीच येईल. त्यांच्याकडेही मुलांचा सराव रविवारी असतो, असं तो माणूस जाता जाता सांगत होता.