हरणाऱ्याची जवारी

"वाळली तुराटी मोडाले पयलवान लागते काय गा?" दादाजी म्हणाला, अन् त्यानं घण दगडावर असा घातला की कपच्या उडून बायांच्या लुगड्यांवर पडल्या. "काल नत्थूनं ज्याले चित केलं, त्याच्या फासोया मोजून घ्या. असल्याले पाडलं तं काय मर्दुमकी झाली?"

"मंग काय वाघासंग लढन तो?" ढोरं राखणारा एक म्हातारा गोवारी म्हणाला. "जो समोर येईन त्याच्यासंगच लढन ना! कुस्ती ते कुस्ती."

"येते तं सारेच. हात कोनाले देते, ते पाह्य ना तू! चांगला भरला गडी बसला असते, त्याच्याकडं पाह्यत नाई. हाडं शोधते, हाडं!"

देवकीनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली अन् शेजारी बसलेल्या गोपिकेला कोपरानं ढोसलं. "काहून वं, तुह्या घरधन्याले सांग ना, एखांदा कामठीचा पयलवान बोलाव म्हना. का दूध-बदाम फक्त आंग चोपडं दिसाले खाते?"

बाया हसल्या. गोपिका नत्थूची बायको. तिनं दगड मांडीजवळ ओढला अन् फोडत राहिली.

संवत १९५६च्या, म्हणजे छप्पनच्या दुष्काळाची गोष्ट आहे ही. पोळ्यानंतर पावसानं जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. जवारी गुडघ्याएवढी झाली अन् उभ्या जागी करपली. कन्हानचं पात्र पांढरं पडलं; वाळूत हातभर झिरा खणावा तेव्हा वाटीभर गढूळ पाणी यायचं. सरकारनं खाप्याकडून पारशिवनीकडं सडक काढली होती, अन् आसपासच्या गावांची माणसं तिथं खडी फोडून कसंबसं जगत होती.

गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, मनोहरराव मोठे मानी. दुष्काळ आहे हा शब्द त्यांच्यापुढं काढायची सोय नव्हती. मुलूखभर लोकांनी म्हणावं की असल्या सालातही मनोहररावांच्या गावात कुस्त्यांची दंगल भरते, एवढ्यासाठी त्यांनी मारोतीपुढचा आखाडा गावच्या दर बाजाराच्या दिवशी चालू ठेवला. नत्थू त्यांचा पयलवान. त्याचा खुराक मालगुजाराच्या घरचा. पण तो त्यांच्या अंगणात, त्यांच्या डोळ्यांपुढं बसून खायचा. घरी न्यायची बंदी. म्हणून तर पयलवानाची बायको खडी फोडायला जात होती. नत्थू कधी धोतराच्या सोग्यात अर्धी भाकर दडवून आणायचा, तेवढंच.

जिंकणाऱ्याला पागोटं अन् हरणाऱ्याला जवारीचं गाठोडं, असा त्या दंगलीचा कायदा होता. जिंकणारा नेहमी नत्थूच, म्हणून पागोटं फिरून मालगुजाराच्याच पेटीत जायचं. जवारी मात्र बाहेर जायची. ही बातमी चार गावांत पसरली, अन् कुठले कुठले जुने पयलवान लंगोट बांधून आखाड्याच्या काठाला येऊन बसू लागले. नत्थू अंगाला माती लावायचा, रांगेवरून नजर फिरवायचा अन् एकाला कुस्तीचा हात द्यायचा. बाकीचे धोतर सावरून आल्या पावली परत जायचे.

तो कोणाला हात देतो, हे गोपिका त्याला सांगायची.

सडकेच्या कामावर कोणाची चूल विझली ते बायांच्या बोलण्यातून कळत असे. "मोहगावचा हाय तो, घरात तान्हं लेकरू हाय, मायले दूध नाई," ती घरी येऊन सांगायची. बाजाराच्या दिवशी मोहगावच्या माणसाला नत्थूचा हात मिळायचा. नत्थू त्याला जरा खेळवायचा, दोन डाव लावू द्यायचा, अन् मग झोपलेलं लेकरू बाजेवर ठेवावं तसा पाठीवर ठेवायचा.

हे सांगायची सोय नव्हती. मालगुजाराला कळलं असतं की दंगलीचं अन्नछत्र झालं, तर आखाडा त्याच दिवशी बंद. अन् जे पडत होते तेही पयलवान म्हणूनच येत होते, भिकारी म्हणून नव्हे. तेव्हा गोपिका ऐकून घ्यायची अन् दगड फोडायची.

त्या दिवशी मात्र ती घरी येऊन रडली. नत्थूनं सोग्यातली भाकर काढून तिच्यापुढं ठेवली.

"दादाजी बोलला काय?"

"सारेच बोलते. हाडं शोधते म्हनते तुमाले. मले आता ऐकवत नाई."

"बोलू दे." नत्थू भिंतीला टेकून बसला. "त्याईचं सारंच खोटं नाई वं. म्या जवान होतो तवा पारशिवनीकडं बाबाराव पयलवान होता. तुह्याच माहेरचा. रामटेकच्या जत्रेत त्यानं भर आखाड्यात माह्यापुढं हात केला. म्या म्हटलं, मले ताप हाय."

"होता ना ताप?"

"कायचा ताप! भेलो होतो." तो खिन्न हसला. "तवा भेऊन निवडत होतो, आता पोट पाहून निवडतो. लोकाईले दोन्ही सारखंच दिसते. त्याईची काय चूक?"

गोपिकेनं भाकर मोडली अन् अर्धी त्याच्यापुढं सरकवली. त्यानं हात लावला नाही. "माह्या पोटात दूध हाय," म्हणाला, अन् असं म्हणाला की जसं दूध नाही, पाप आहे पोटात.

होळी जवळ आली तशी झळा सुरू झाल्या. खाप्याच्या बाजाराच्या दिवशी गोपिका नदीत झिऱ्यावर पाणी भरायला बसली होती. पलीकडच्या झिऱ्यावर एक म्हातारा वाकून करवंटीनं पाणी काढत होता. खांदे रुंद, पण त्यांवरचं मांस उतरलेलं. खुंटीवर रिकामं पोतं टांगावं तशी कातडी लोंबत होती. जवळ एक तरणी बाई बसली होती, मांडीवर पोट फुगलेलं पोरगं. ते रडतही नव्हतं.

म्हाताऱ्यानं मान वर केली अन् गोपिकेच्या हातातली घागर खाली आली.

"बाबारावमामा?"

"कोन वं तू?"

"म्या गोपिका. जंगलूजीची पोरगी. तुमी मले खांद्यावर बसवून देवीच्या जत्रेत नेलं होतं."

म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. ओळख पटली तसा त्याचा चेहरा उजळला. "अबब! केवढी झाली! नत्थू पयलवानाच्या घरची ना तू? बरं झालं भेटली. त्याले सांग, तुमच्या गावच्या येत्या बाजाराले बाबाराव येऊन राहिला म्हना. त्याचा ताप आता उतरला असन."

जवळची ती तरणी बाई त्याची सून होती; तिनं पदर तोंडाला लावला. बाबाराव पाणी घेऊन पुढं झाल्यावर ती हळूच गोपिकेला म्हणाली, "तुह्या घरधन्यानं मामंजीले नाई म्हनू नये, बाई. पोरगं दोन दिसापासून चिंचेचा पाला खाऊन राहिलं."

घरी येऊन गोपिकेनं नत्थूला सारं सांगितलं.

"त्याले नाई देत मी हात."

"काहून? साऱ्याईले देता, माह्या माहेरच्याले काहून नाई?"

"बाकीचे जवारीसाठी येते. आपुन पडाले आलो हे त्याईले मालूम असते. बाबाराव लढाले येऊन राहिला. तो पडनार नाई वं, तो मोडन."

"मोडू द्या. पोरगं तं जगन ना? तुमी एवढ्याईले अल्लद ठेवलं, एका म्हाताऱ्याले ठेवता येत नाई?" गोपिकेचा आवाज चढला. "का अजून भेता त्याले?"

हे बोलायला नको होतं. नत्थूनं तिच्याकडं पाहिलं अन् म्हणाला, "ठीक हाय."

बाजाराच्या दिवशी बाबाराव येणार म्हटल्यावर सडकेवरची सारी माणसं आखाड्याभोवती लोटली. मनोहरराव तक्क्याला टेकून बसले. गोपिका बायांबरोबर मारोतीच्या ओट्यामागं उभी राहिली. बाबारावानं लंगोट कसला होता, पण त्याची गाठ सैल पडत होती.

नत्थू सरळ त्याच्यापुढं गेला. वाकून पाया पडला अन् हात दिला.

"पाह्य ना, पाह्य!" दादाजी ओरडला. "आता तं बुढे धरले यानं!"

खडाखडी झाली. नत्थूनं म्हाताऱ्याला चार पावलं मागं रेटू दिलं, मानेवर हात टाकू दिला. मग कमरेला मिठी घातली अन् उचललं. गोपिकेला इतक्या लांबूनही दिसलं की वजन असं काही नव्हतंच. नत्थू त्याला छातीशी धरून गुडघ्यावर बसायला लागला, हळूहळू, खाली ठेवायला.

तेवढ्यात बाबारावाला कळलं.

"मले लेकरावानी धरतं का बे?" तो ओरडला. "बाबारावावर दया करतं?"

कुठून आलं त्याच्यात बळ देव जाणे. त्यानं पाय जमिनीला टेकवले, नत्थूचा उजवा हात बगलेत दाबला, पाठ वळवली अन् जुना डाव मारला. त्या डावावर एकेकाळी सारा मुलूख वेडा झाला होता. नत्थू सावध नव्हताच. तो त्या म्हाताऱ्या पाठीवरून गेला अन् खांद्यावर पडला. फांदी मोडावी तसा आवाज झाला.

मग जो गलका उठला! माणसं आखाड्यात घुसली, बाबारावाला खांद्यावर घेतलं. दादाजी नाचत होता. "आता सांगा! खरा गडी समोर आला अन् पडला का नाई?"

मालगुजाराचं तोंड काळं ठिक्कर पडलं होतं. बोललेला शब्द होता म्हणून त्यांनी आपल्या हातानं बाबारावाला पागोटं बांधलं. बाबाराव हसत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं. कारभाऱ्यानं जवारीचं गाठोडं उचललं अन् विचारलं, "हे कोनाले, मालक?"

"कोनाले म्हंजे? जिंकनाऱ्याले पागोटं भेटलं. अन् घरचा बैल बसला तं त्याले वैरन घालतं काय कोनी? ठेव आत. आजपासून दंगल बंद."

गाठोडं आत गेलं. बाबारावाची सून ओट्याच्या टोकाला पोरगं घेऊन उभी होती. तिनं गाठोड्याकडं पाहिलं, मग सासऱ्याच्या डोक्यावरच्या जरीच्या पागोट्याकडं पाहिलं, अन् तिथंच मटकन खाली बसली.

नत्थूचा खांदा निखळला होता, हाडही मोडलं होतं. हाड बसवणारा माणूस खाप्याला होता, पण तो पोटामागं केव्हाच नागपूरला निघून गेलेला. गोपिकेनं हळद-तेल लावून हात फडक्यात बांधला. खुराक तर त्या दिवशीच तुटला. महिन्याभरानं हात सुटला तो वाकडाच. खांद्याच्या वर जाईना.

पाडव्याच्या आसपास पारशिवनीकडून बातमी आली. पोरगं आधी गेलं, मागून बाबाराव. सुनेनं पागोटं बाजारात नेलं होतं, पण त्या सालात जरीचं कापड कोण घेतो? शेवटी तेच फाडून दोघांवर घातलं म्हणे. गोपिकेनं ते ऐकलं. सांजेला नत्थूला म्हणाली, "म्याच भरीस घातलं तुमाले."

"भूक म्हनत होती ते तू म्हटलं," नत्थू म्हणाला. "उद्यापासून म्या बी येतो सडकेवर."

वैशाखाचं ऊन डोक्यावर आग ओतत होतं. नत्थू डाव्या हातानं खडी फोडत होता. उजवा वरच जात नव्हता. चार घाव मारावे तेव्हा एक बसायचा. माणसं बघत होती अन् बोलतही होती, आता आवाज खाली करायचीही कोणाला गरज वाटत नव्हती.

"म्या म्हनत होतो ना," दादाजी म्हणाला. "एवढ्या कुस्त्या मारल्या, पन एक तरी धडाचा गडी होता काय त्यात? एकाच मरदासंग लढला अन् जन्माचा लुळा झाला."

पलीकडच्या गावचा रामाजी नुकताच कामावर लागला होता. गोपिकेला तो चांगला ठाऊक होता. पौषात त्याची बायको ओली बाळंतीण असताना घरात दाणा नव्हता, तेव्हा गोपिकेच्याच सांगण्यावरून नत्थूनं त्याला हात दिला होता. ती बाई अन् तिचं लेकरू अजून जिवंत होती.

"रामाजी, तू तं लढला ना त्याच्यासंग? तूच सांग," दादाजीनं विचारलं.

रामाजीचा घण थांबला. त्यानं नत्थूकडं पाहिलं नाही. आजूबाजूच्या पंधरा-वीस जोडी डोळ्यांकडं पाहिलं.

"मले तवा हिवताप होता," तो म्हणाला. "उभं राहवत नव्हतं. त्यानं ते पाह्यलं अन् मलेच हात देला. ताप नसता तं म्याच पाडला असता त्याले."

"ऐकलं?" दादाजी सगळीकडं बघत म्हणाला.

गोपिका ताडकन उठली. "रामाजी, तुह्या बायकोच्या चुलीवर जे शिजलं..."

नत्थूनं घण टाकून तिचं मनगट धरलं. धूळभरल्या तोंडानं वर पाहत तो हलक्या आवाजात म्हणाला, "बस खाली वं."

"खोटं बोलून राहिला ना तो!"

"बोलू दे. शेती गेली, ढोरं गेली. ताप नसता तं जितलो असतो, एवढंच उरलं हाय त्याच्याजोळ. ते बी काहून हिसकतं?"

गोपिका उभीच राहिली. समोर रामाजी खाली मान घालून भराभर दगड फोडत होता, जसं काही कोणी मागं लागलं आहे. दूरवर मुकादमानं शिवी हासडली अन् कामाकडं बोट केलं.

ती बसली. नत्थूच्या पुढचा मोठा दगड तिनं आपल्याकडं ओढून घेतला.