ऐंशी नव्हे, आठ

विरोधात ब्याण्णव, बाजूने सत्त्याऐंशी. अध्यक्ष ऑल्विन पीसली यांनी आकडे दोनदा वाचले. दुसऱ्यांदा कोणालाच ऐकू गेले नाहीत, कारण शाळेच्या व्यायामशाळेत तोवर एकच गलका उठला होता. माझ्या शेजारचा ऑरिन टिबेट्स खुर्चीवर चढला. वय अडुसष्ट, पायात रबरी बूट, आणि हा गडी खुर्चीवर!

"विनी!" तो वरून ओरडला. "तुझ्या ऐंशीने त्यांना आडवं केलं!"

मार्च महिन्यातली आमची गावसभा होती आणि चौदावा ठराव पडला होता. पोलिसांच्या दोन गाड्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्याची नंबरपाटी वाचणारे कॅमेरे बसवायचे, असा तो ठराव. खर्च वॉशिंग्टन देणार होतं. ऑरिनच्या मते तेवढंच कारण विरोधाला पुरेसं होतं. गावातल्या रिपब्लिकन समितीचा तो पंचवीस वर्षं प्रमुख आहे आणि त्याचं राजकारण एका वाक्यात मावतं: सरकारने सरहद्द राखावी, रस्त्यावरचा बर्फ काढावा आणि उरलेला वेळ माझ्या फाटकाबाहेर उभं राहावं. "फुकट काय देतात ते? आधी आपल्याच खिशातून काढतात, वाटेत निम्मं खातात आणि उरलेल्याला अनुदान म्हणतात!" हे तो दर वर्षी म्हणतो. दर वर्षी आम्ही टाळ्या वाजवतो, कारण दर वर्षी ते खरंच असतं.

पण या वेळी ठराव पडला तो माझ्यामुळे. एकतीस वर्षं मी याच शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. गावसभेला एकदाही चुकले नाही आणि एकदाही बोलले नाही. त्या सकाळी बोलले. कंपनीचं माहितीपत्रक हातात धरून मी सांगितलं की हे यंत्र शंभर पाट्यांमागे दोन चुकीच्या वाचतं. पुलावरून रोज चार हजार गाड्या जातात. म्हणजे रोज ऐंशी निरपराध माणसांचा नंबर भलत्याच कोणाचा म्हणून नोंदला जाणार. मग मी खाली बसले. मागच्या रांगेतून कोणीतरी नुसतं "ऐंशी!" म्हटलं आणि तो शब्द मेणबत्तीवरून मेणबत्ती पेटवावी तसा रांगेरांगेतून पुढे गेला.

ऑरिन खुर्चीवरून उतरला तो टोपी शोधतच. रात्री उणे सहा अंश होते आणि दिवस आठवर चढला होता. असा दिवस आला की मेपलच्या झाडांना रस सुटतो. तो त्याच दिवशी आटवावा लागतो, ठेवला तर नासतो. आमच्या बाजूची वीसेक माणसं दाराकडे निघालीही होती.

"ऐक," ऑरिन म्हणाला. "फेरविचार बंद करायचा राहिलाय. नेहमी मी लगेच उठतो, पण आज ऑल्विनने जेवणाची सुट्टी घाईने दिली. जेवण झालं की पहिलं काम तुझं. उठायचं आणि म्हणायचं: अध्यक्ष महाराज, चौदाव्या ठरावाचा फेरविचार बंद करावा. एक वाक्य."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर आम्ही तिकडे रस ढवळत बसू, आणि इकडे कोणीतरी ठराव पुन्हा उघडून मोकळं होईल. एकोणीसशे ब्याण्णव साली कचराडेपोच्या वेळी असंच झालं होतं, आठवतं ना? एक वाक्य, विनी. ऐंशीवाल्या बाईला एक वाक्य काही जड नाही."

जेवण खालच्या हॉलमध्ये होतं. हॅम, भाजलेला घेवडा, काळा पाव आणि मक्याचं पुडिंग. वाढायला चर्चच्या बायका. त्यातल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या मर्टल हॉइट यांनी माझ्या ताटात न विचारता दुप्पट हॅम घातलं.

"बोललीस एकदाची," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं देवाने तुला जीभ फक्त टपाल तिकिटं चिकटवायला दिली आहे."

"मर्टल, तुम्ही कुठल्या बाजूने मत दिलंत?"

"तुझ्या. रोज ऐंशी म्हणजे फार झालं गं. दोन-चार असते तर मी म्हटलं असतं, चालायचंच."

मी हसले. खरं सांगायचं तर मी पहिल्यांदाच जेवणाच्या हॉलमध्ये प्रसिद्ध होते आणि मला ते आवडत होतं. लोक पाठीवर थाप मारून जात होते. पलीकडच्या टेबलावर वॉशिंग्टनला यथेच्छ झोडपणं चाललं होतं. दोन्ही पक्षांना, पण आपल्या पक्षाला जरा जास्त, कारण घरच्या पोराने काच फोडली की राग जास्त येतो. कोणीतरी म्हणालं की आपल्या राज्याच्या नंबरपाटीवर "मोकळे जगा, नाहीतर मरा" छापलंय, यंत्राला निदान तेवढं तरी नीट वाचता येईल का.

तेवढ्यात डेल मार्कॉट समोर येऊन बसला. डेल आमचा पोलीसप्रमुख. दहावीत माझ्या वर्गात होता, तिसऱ्या बाकावर. ठराव त्याचाच होता, आणि तो काही कोणी डावा नव्हे. ऑरिनच्याच समितीत आहे. हमरस्त्याने वर येणारं नशेचं विष त्याला थांबवायचं होतं. गेल्या वर्षी त्याने दोन घरांची दारं ठोठावून आईबापांना मूल गेल्याची बातमी दिली होती. कायदा आणि सुव्यवस्था हे शब्द तो उगीच तोंडात घोळवत नाही.

"बाई, रागावणार नाही ना?"

"हरल्याबद्दल भांडायला आलास?"

"नाही." त्याने तेच माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवलं आणि पान उलटं फिरवलं. मागे. "तक्ता इथून सुरू होतो. तुम्ही पुढच्या पानावरचा आकडा वाचलात."

आदल्या पानाच्या तळाशी तक्त्याचं शीर्षक होतं: चुकीची वाचनं, दर हजारी. तक्ता पुढच्या पानावर गेला होता, शीर्षक मागेच राहिलं होतं. मी फक्त पुढचं पान पाहिलं आणि दोन या आकड्याला एकक स्वतःच्या मनाने लावलं.

हजारात दोन. चार हजारांत आठ.

एकक न लिहिणाऱ्या मुलांचा मी अर्धा गुण कापत असे. डेलचे तर कितीदा कापले असतील.

"हे तू सभेत सांगणार?"

"मला कसं सांगता येईल? मी हरलेल्या बाजूने मत दिलंय. ठराव पुन्हा उघडायचा तर जिंकलेल्या बाजूचंच माणूस लागतं. ऑल्विनचा नियम." तो उठला. "आणि मी बाहेर बोलणारही नाही. तुम्ही माझ्या बाई आहात. फक्त तुम्हाला माहीत असावं म्हणून."

त्याने धमकी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

पंधरा मिनिटं उरली होती. मी शाळेच्या कचेरीत गेले, कारण खोऱ्यात मोबाईल लागत नाही. ऑरिनच्या रसघरातला फोन नऊदा वाजला.

"काय आहे? कढईला उकळी आलीये!"

"ऑरिन, माझा आकडा चुकला. ऐंशी नव्हे, आठ."

पलीकडे वाफेचा फसफसाट.

"बरं," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी सांगू."

"मी फेरविचार बंद करायचा ठराव मांडणार नाही. उघडायचा मांडणार आहे."

त्यानंतर ऑरिन जे बोलला ते मी लिहिणार नाही. शेवटी म्हणाला, "अगं, जिंकलोय आपण! वॉशिंग्टनमधले रोज सकाळी दात घासायच्या आधी याहून मोठ्या थापा मारतात!"

"म्हणूनच तर तू त्यांना शिव्या घालतोस ना?"

फसफसाट. नुसता फसफसाट.

"मर्टलने ऐंशीवर मत दिलं," मी म्हणाले. "ते मी तिच्याकडून खोटं बोलून घेतलेलं मत आहे. चुकून का होईना. मी चिठ्ठ्यांवर मतदान मागेन, त्याला पाऊण तास लागतो. तुझ्याकडून गावात यायला वीस मिनिटं. ज्यांना ज्यांना आणता येईल त्यांना आण. तुला आधी कळवतेय ते एवढ्यासाठीच."

"कढई विस्तवावर आहे, विनी!"

"ठाऊक आहे."

त्याने फोन आपटला. मी कचेरीतच एका कागदावर चिठ्ठीमतदानाची मागणी लिहिली. त्यावर पाच मतदारांच्या सह्या लागतात. एक माझी, एक डेलची. उरलेल्या तिघांनी सही करताना विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, दोन मिनिटांत कळेल.

दीड वाजता ऑल्विननी हातोडा आपटला. मी उभी राहिले. आमच्या बाजूच्या लोकांनी माझ्याकडे आशेने पाहिलं, कारण ऑरिनने जाताना त्यांना सांगून ठेवलं होतं.

"अध्यक्ष महाराज, मी विरोधात, म्हणजे जिंकलेल्या बाजूने, मत दिलं होतं. चौदाव्या ठरावाचा फेरविचार व्हावा असं मी सुचवते."

मग कोणीतरी म्हणालं, "उलटं बोलली ती. बंद म्हणायचं होतं तिला."

"मी उलटं बोलले नाही."

"अनुमोदन," डेल म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता.

मग जे उसळलं ते सांगता येणार नाही. "फितूर!" "घ्या, बाईंनी बाजू बदलली!" हातोडा पाचदा वाजला. फेरविचाराला हात वर करायला सांगितले तेव्हा ठराव उघडणार हे स्पष्टच होतं, कारण आमची माणसं रानात होती. उघडला. ऑल्विननी मला तीन मिनिटं दिली.

"सकाळी मी ऐंशी म्हणाले. आकडा आठ आहे. मी तक्त्याचं शीर्षक वाचलं नाही. ज्यांनी ऐंशीसाठी मत दिलं त्यांनी ते परत घ्यावं, तो त्यांचा हक्क आहे." मी घोटभर पाणी प्याले. "आता खरं कारण सांगते. सकाळी आकडा सोपा वाटला म्हणून ते सांगितलं नाही. उद्या हे यंत्र एकही चूक करेनासं झालं तरी माझं मत 'नाही'च असेल. किंबहुना जास्त जोरात. चुकणाऱ्या यंत्राला माणूस निदान प्रश्न विचारतो. न चुकणाऱ्याला कोण विचारणार? डेल म्हणतो, नोंद तीन मिनिटांत पुसली जाते, कायदाच आहे तसा. आहे. पण कायदा बदलायला एक दुपार पुरते. बसवलेलं यंत्र मात्र कोणी काढलेलं मी पाहिलं नाही. डेलवर माझा विश्वास आहे. पण आपल्या घटनेने अधिकार बांधून ठेवले ते वाईट माणसांच्या भीतीने नव्हे फक्त. डेलनंतर कोण येईल ते आपल्याला माहीत नाही, म्हणूनही."

"आणि तुझ्या खिशातला फोन?" मागून कोणीतरी टोमणा मारला. "तो नाही पाळत ठेवत?"

"माझा फोन झाकणाचा आहे. पण तुझा ठेवतो," मी म्हणाले. "फरक इतकाच की तो तू विकत घेतलास आणि नदीत फेकू शकतोस. पोलिसाच्या गाडीवरचा फेकून बघ."

हशा पिकला. डेलही हसला. मग तो उठला आणि त्या दोन घरांबद्दल बोलला. नावं न घेता, साध्या शब्दांत. त्या क्षणी मला वाटलं, आपण हरलो.

मतदान सुरू झालं. यादीवर नाव खोडायचं, चिठ्ठी घ्यायची, लाकडी पेटीत टाकायची. सकाळी नसलेली काही माणसंही जेवणानंतर आली होती, त्यामुळे रांग हळूहळू सरकत होती. मी चिठ्ठी टाकून भिंतीशी उभी राहून दाराकडे बघू लागले. वीस मिनिटं. तीस. रांगेत सात माणसं उरली. मग चार.

बाहेर गाड्यांची दारं आपटली. एक, दोन, मग मोजता येईनात इतकी. बूट न झटकता ते आत घुसले, कपड्यांना धूर आणि गोड वाफेचा वास, सगळ्यात पुढे ऑरिन. लाकडी जमिनीवर चिखलाची वाटच तयार झाली. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. आपलं नाव सांगितलं, चिठ्ठी घेतली, पेटीत टाकली आणि भिंतीशी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"किती आणलेस?"

"सतरा. तिघं कढई सोडायला तयार नव्हते. शहाणे आहेत."

"तुझ्या कढईजवळ कोण आहे?"

"देव," तो म्हणाला. "आणि त्याचं लक्ष आहे असं मला वाटत नाही."

मोजणीला वेळ लागला. ऑल्विननी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"बाजूने पंच्याण्णव. विरोधात सत्त्याण्णव."

गलका पुन्हा उठला, पण मी तो नंतर ऐकला. गलका उठायच्या आधीच मी उभी होते, हात वर, आणि एकतीस वर्षं वर्ग गप्प करणाऱ्या आवाजात ओरडत होते: "अध्यक्ष महाराज! चौदाव्या ठरावाचा फेरविचार बंद करावा!"

"अनुमोदन!" ऑरिन माझ्या कानाशी गरजला.

मर्टल मला दाराशी भेटल्या. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. "आठवर मी बाजू बदलली. तुझ्या विरोधात दिलं. पण तुझं दुसरं भाषण जास्त चांगलं होतं."

रसघरात पोचलो तेव्हा विस्तव विझत आला होता. सगळीकडे काळा, कडू वास. चौदा फुटी कढईच्या तळावर कोळशाचा थर बसला होता, बोटभर जाड. दिवसभराचा रस गेला होता. ऑरिनने पळीने थर टोचून पाहिला.

"दोन मतं," तो म्हणाला. "एकेक मत सात फुटांचं पडलं."

"व्हिनेगर आहे का तुझ्याकडे? खरवडू नकोस, पत्रा जाईल. रात्रभर कोमट व्हिनेगर ठेवू, सकाळी सुटेल."

"किती लागेल?"

मी कढईची लांबी, रुंदी आणि थराची उंची पट्टीने मोजली आणि हिशेब केला. मग तो एककांसकट पुन्हा केला.

"अकरा गॅलन."

"नक्की अकरा?" ऑरिन म्हणाला आणि दुपारनंतर पहिल्यांदा हसला. "एकशेदहा तर नाहीत ना?"