एल्झीच्या टबातलं पाणी

आमच्या गावातल्या स्टेडियमच्या कमानीवर हॅडलीचं नाव आहे. त्या कमानीखालून मी जात नाही. रविवारी चर्चला जाताना लांबचा वळसा घेते. गुडघे कुरकुरतात, कुरकुरू देत. मागच्या महिन्यात शाळेतला एक तरुण मास्तर आला. म्हणाला, "मिसेस ट्रॅमेल, कोच ट्रॅमेलांचा तो पत्र्याचा टब शाळेला द्या ना. काचेच्या कपाटात ठेवू." त्याला ओसरीवर बसवलं, गोड चहा दिला, बर्फ घालून. टब दिला नाही. का दिला नाही, ते सांगते.

माझा नवरा एल्झी ट्रॅमेल. आमच्या काउंटीत काळ्या पोरांच्या शाळेला स्वतःची फुटबॉल टीम असावी, हे खूळ पहिल्यांदा त्याच्या डोक्यात आलं. कापूस पिंजायच्या जिनिंग गिरणीमागची लाल माती हे मैदान, आणि गोऱ्यांच्या शाळेने टाकून दिलेली हेल्मेटं. एकाचा पट्टा तुटका, दुसऱ्याला तडा. तेवढ्यावर त्याने राज्यातल्या काळ्या शाळांचा चषक आणला, आणि एकदाच नव्हे. पण लोकांच्या तोंडी चषक नव्हता, पाणी होतं. जॉर्जियाच्या ऑगस्टमध्ये, म्हणजे भर उन्हाळ्यात, अंगावर पॅड आणि डोक्यावर हेल्मेट चढवून पोरं एकमेकांना धडका मारायची, आणि तेव्हाचे सगळे कोच सरावात पाण्याचा थेंब देत नसत. पाण्याने पोरं मऊ पडतात म्हणे! एल्झी मैदानाच्या कडेला पत्र्याचा टब ठेवायचा. त्यात बर्फाची लादी, मी पिळलेली लिंबं आणि चिमूटभर मीठ. दुसरे कोच हसायचे, आपलेसुद्धा. "काय एल्झी, चहापार्टी का?" तो म्हणायचा, "खेचराला पाजल्याशिवाय नांगराला जुंपतोस का? मग पोरं काय खेचराहून स्वस्त झाली?"

मग सरकारने काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या शाळा एक केल्या. एक केल्या म्हणजे काय, आमची शाळा बंद केली. आमचे चषक मागच्या कचऱ्यात गेले. एल्झीला नव्या शाळेत मदतनीस नेमलं, कोच हॅडलीच्या हाताखाली. हॅडली कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेला. माझ्या नवऱ्याला अरे-तुरे करायचा आणि एल्झी त्याला "हो, कोच हॅडली" म्हणायचा. वर शाळेच्या बसच्या किल्ल्या हातात दिल्या. खेळाडूंना आणायचं, सोडायचं. टॉवेल धुणंही आमच्याकडेच. एल्झीने टब नेला तर हॅडली म्हणाला, "एल्झी, हे भांडं घरी ने. माझ्या मैदानावर पाणी सराव संपल्यावर." टब अंगणात पालथा पडला. कोंबड्या त्यावर चढून बसायला लागल्या.

आमच्या लोकांनी हॅडलीच्या टीममध्ये पोरं पाठवायचीच नाहीत असं ठरवलं होतं. चर्चच्या पायरीवर एल्झी एकेकाला समजावत होता. मिस ओला मे छत्री टेकून उभी होती. तिचा नातू व्हर्नेल, दारात आडवा उभा राहिला तर उजेड अडेल एवढा मोठा, आणि स्वभावाने कोकरू. आईबाप नसलेलं पोर, तिनेच वाढवलेलं.

"मला फुटबॉलातलं काही कळत नाही, एल्झी," ती म्हणाली. "एवढंच सांग, तिथे तू उभा असशील?"

"असेन, मिस ओला मे."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ. तुमच्या पोराला काही होऊ देणार नाही."

"मग घेऊन जा. पण लक्षात ठेव, मी पोर शाळेला देत नाही. तुला देते."

तिचं बघून बाकीच्यांनीही पाठवली.

ऑगस्ट लागला. एके दिवशी टॉवेल धुताना माझ्या हाताला काहीतरी वेगळं लागलं. टॉवेलांची टोकं चघळलेली होती. दातांचे व्रण, धागे निघालेले. एल्झीला जाब विचारला. तो मान खाली घालून म्हणाला, "घाम पुसायला म्हणून ओले करून देतो, डेसा. पोरं चोखतात. हॅडलीला अजून कळलेलं नाही."

"माणसांची पोरं टॉवेल चोखतात, आणि तू बघत बसतोस?"

"मग काय करू? उलटून बोललो तर उद्या घरी बसवेल. मग त्या मैदानावर आपलं कोण राहील? ओला टॉवेल तरी कोण देईल?"

मी ते टॉवेल पुन्हा पाण्यात घातले. तो रोज रात्री पलंगाच्या काठावर बसून तळहात चोळत राहायचा. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. बोललं तर पोरं जातात, न बोललं तरी पोरं जातात.

हॅडलीला कळलंच. त्याने ओले टॉवेल बंद केले. मैदानाच्या कुंपणापाशी एक नळ होता, त्याची चावी काढून खिशात घातली. उरला नुसता लोखंडी दांडा.

त्या दिवशी मी घड्या घातलेले टॉवेल घेऊन शाळेत गेले होते. सराव संपल्यावर लागायचे. कुंपणापाशी पोचते तो व्हर्नेल पळता पळता भरकटायला लागला. सरळ पळायचं तर तिरका जात होता, दारू प्यायल्यासारखा. मागून येणाऱ्या लाल केसांच्या गोऱ्या पोराने त्याला खांद्याने सावरलं. हॅडली ओरडला, "सोड त्याला! नाटक करतोय." त्याने सोडलं आणि व्हर्नेल तोंडावर पडला.

एल्झी धावला. त्याने व्हर्नेलचं हेल्मेट काढलं, कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. "घाम नाहीये," तो म्हणाला. "डेसा, याला ऊन लागलंय, घामच येत नाहीये!"

"कोच हॅडली, नळाची चावी द्या."

"पाच मिनिटं सावलीत ठेव, उठेल."

"चावी द्या!"

"तू मला हुकूम करतोस, एल्झी?"

एल्झी वळला. नळाकडे पळत गेला आणि तो दांडा नुसत्या हाताने पिळायला लागला. मग टॉवेल गुंडाळून, मग दातांनी. दांडा हलला नाही. त्याचा ओठ फाटला, हाताचं कातडं सोलून निघालं. नळातून थेंब आला नाही. मी कुंपणापलीकडून हॅडलीला काय काय शिव्या दिल्या ते चर्चला जाणाऱ्या बाईने सांगायचं नसतं.

तेव्हा एल्झीला बस आठवली. त्याने आणि त्या लाल केसांच्या पोराने व्हर्नेलला उचलून आत घातलं, मीही चढले. हॅडली दारात आडवा आला. "ही बस इथून हलली तर तू परत यायचं नाहीस." एल्झीने गाडी सुरू केली. हॅडलीच मागे सरला.

बर्फाचा कारखाना जवळ होता. तिथल्या माणसांनी काही विचारलं नाही, लाद्या ओढून त्यांवर व्हर्नेलला निजवलं. एल्झी त्याच्या छातीवर बर्फ घासत बडबडत होता, "बघ बाळा, पाणी आहे. बघ किती पाणी आहे." व्हर्नेलचे ओठ हलत होते, पण घोट आत जात नव्हता. हॉस्पिटलात नेलं. संध्याकाळी तो गेला.

मिस ओला मे कॉरिडॉरमध्ये आली. आम्हाला वाटलं ओरडेल, मारेल. तिने एवढंच विचारलं, "तू उभा होतास ना, एल्झी?"

"होतो," तो म्हणाला.

थडग्यापाशीही ती रडली नाही. हॅडलीची चौकशी झाली. पोराचं हृदय आधीच कमजोर होतं असा निकाल आला. एल्झीला काढलं, कारण काय, तर शाळेची बस विनापरवाना नेली.

त्यानंतर एल्झीने बोलणं सोडलं. सकाळपासून अंगणात त्या पालथ्या टबावर उन्हात बसायचा, डोक्यावर टोपी नाही. मी पाणी नेलं की तोंड फिरवायचा. रात्री मी जबरदस्तीने चार घोट पाजायची. ओठांना भेगा पडल्या होत्या. मी भांडले, पाया पडले, पास्टरला बोलावलं. माणूस डोळ्यांदेखत वाळत होता आणि मला काही करता येत नव्हतं.

एके दुपारी फाटक वाजलं. मिस ओला मे, काळ्या कपड्यांत, तीच छत्री.

"ऊठ," ती म्हणाली. "ज्यावर बसलायस ते मला हवंय."

तो उठला. तिने टब सुलटा केला, मला म्हणाली, "ओडेसा, पाणी आण." मी बादल्या ओतल्या. तिने ओगराळं भरून त्याच्या तोंडापाशी धरलं.

"पी."

एल्झीने मान हलवली.

"माझं पोर तहानेने मेलं. आता माझ्यासमोर आणखी एक मरायला बसलाय. लाज नाही वाटत? पी!"

तो प्यायला. अर्धं शर्टावर सांडलं.

"आता चल. तिकडे बाकीची अजून पळतायत."

"मला मैदानावर पाय ठेवू देणार नाहीत, मिस ओला मे."

"मैदानावर कोण म्हणतंय? रस्ता आहे ना."

वाटेत बर्फ घेतला. टब कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला ठेवला. हॅडली शिट्टी फुंकत आला. "हे हटवा इथून!" मिस ओला मे छत्री उघडून टबाशेजारी उभी राहिली. "बाळा, हा रस्ता माझ्याही करातून झालाय. माझ्या नातवाला तू ओळखतोस."

हॅडलीचा चेहरा उतरला, पण शिट्टी त्याने पुन्हा फुंकली. पोरं थबकली. सगळ्यांना ठाऊक होतं, जो कुंपणाकडे जाईल तो टीममधून जाईल. कोणी हलेना. आमचीसुद्धा हलेनात. मला वाटलं, झालं, हेही फुकट गेलं.

मग तो लाल केसांचा पोरगा हेल्मेट काढून चालत आला. कुंपणावरून वाकला. एल्झीच्या हाताला अजून पट्ट्या होत्या, त्याच हाताने त्याने ओगराळं पुढे धरलं. पोरगा असा घटाघटा प्यायला लागला की ठसका लागला.

"हळू, बाळा," एल्झी म्हणाला. कितीतरी दिवसांनी मी त्याचा आवाज असा ऐकला. "हळू पी. अजून आहे."

तेव्हा मिस ओला मे रस्त्यावर मटकन बसली आणि रडायला लागली.