हार घातलेली कुबडी

मी एक जुनी कुबडी आहे, मित्रांनो. शिवणीच्या हलक्या लाकडाची, काखेत बसेल अशा वाकाची. काशीदच्या अलीकडे, डोंगर आणि खाडी यांच्यामधल्या एका भातखाचरांच्या गावात माझा जन्म झाला. तेव्हा आपल्या रायगड जिल्ह्याला कुलाबा म्हणत. चीनशी लढाई होऊन गेली होती. त्या लढाईतून धर्माजी नावाचा शिपाई एका पायावर घरी परतला होता. त्याच्यासाठी मला घडवलं गेलं.

धर्माजीचा डावा पाय गुडघ्याखाली कापलेला होता. गोळी लागली नव्हती. बर्फानं पाय काळा पडला होता. इस्पितळानं दिलेल्या कुबड्यांची टोकं बारीक होती. बांधावरच्या चिखलात ती रुतायची आणि धर्माजी पडायचा. मग होड्या दुरुस्त करणाऱ्या कोंडाजी सुतारानं मला केलं. चिखलात रुतू नये म्हणून माझं बूड रुंद ठेवलं. धर्माजीची बायको काशी हिनं हिरव्या लुगड्याचा तुकडा माझ्या माथ्यावर गुंडाळून शिवला. घरात धर्माजीची आई ठमाबाई होती आणि एकोणीस वर्षांचा धाकटा भाऊ रघू होता. रघू मला पुसून ठेवायचा. दादाची कुबडी म्हणजे त्याला देवाची काठी वाटायची.

सुरुवातीचे ते दिवस फार मानाचे होते. शाळेच्या पटांगणात धर्माजीचा सत्कार झाला. चांगदेव मास्तरांनी त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि दुसरा हार माझ्या गळ्यात घातला. "ही कुबडी नव्हे, हा आपला विजयध्वज आहे!" असं ते म्हणाले. ती लढाई आपण हरलो होतो, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायका मला हात लावून तो कपाळाला नेत होत्या. मीही फुगले. लाकडालाही स्तुती गोड लागते, मित्रांनो.

चांगदेव मास्तर खोटारडे नव्हते. साधे, सज्जन गृहस्थ होते. भाषण करताना त्यांचे डोळे खरोखरीच भरून येत. जे बोलत त्यावर त्यांचा स्वतःचा विश्वास असे. म्हणूनच त्यांना कुणी अडवलं नाही.

मग सभांमागून सभा झाल्या. आज नांदगाव, उद्या मुरूड, परवा रेवदंडा. धर्माजीला बैलगाडीतून नेत, व्यासपीठावर बसवत, मला त्याच्या शेजारी सगळ्यांना दिसेल अशी टेकवून ठेवत. बोलत मात्र दुसरेच. धर्माजीला कुणी विचारलं नाही की बाबा, तिथं काय झालं.

पंधरा ऑगस्टला आमच्याच गावात पोरांना फौजेत भरती करण्यासाठी सभा होती. मास्तर म्हणाले, "आज आमचा वीर स्वतः दोन शब्द बोलेल."

धर्माजी माझ्यावर भार टाकून उभा राहिला.

"मी लढलो," तो म्हणाला. "पळालो न्हाय. पन आमाला तिथं कापडी बूट घालून पाठवलं व्हतं. बर्फ गुडघ्याएवढा. गोळ्या सरल्या, मग मागं फिरायचा हुकूम आला. चालता चालता विठोबा खाली बसला. पोलादपूरचा गडी, माझ्या बाजूला झोपायचा. म्हनला, जरा बसतो, तू हो फुडं. मी झालो फुडं. तो उठला न्हाय."

धर्माजी तिथंच थांबला असता तर बरं झालं असतं.

"पोरांनो, फौजेत जायचं तर जावा. देश आपलाच हाय. पन धाडनाऱ्याला आदी इचारा, पायात काय देनार? कशापायी धाडताय? आनि तिकडची पोरं राक्षस न्हाईत. एक मेलेला चिनी बघितला मी. आमच्या रघूएवढा. त्यानंबी मरताना आईलाच हाक मारली असंल."

"शत्रूचा पुळका!" मागून कुणी तरी ओरडलं. "पळपुटा हाय! म्हनून पाय गेला!" मग सगळेच ओरडू लागले. मास्तरांनी हात वर केले, पण त्यांचाही चेहरा पडला होता. "धर्माजी, हे तू काय बोललास?" ते म्हणाले. त्यांना खरंच दुःख झालं होतं.

तेवढ्यात गर्दीतून रघू पुढं आला. त्याचं तोंड लालबुंद झालं होतं.

"दादा, खाली बस! लाज आनलीस!"

"रघू, ऐक तरी माजं."

रघूनं ऐकलं नाही. त्यानं मला धर्माजीच्या काखेतून हिसकावलं आणि शाळेमागच्या तळ्यात भिरकावलं. मी काठावरच्या दगडावर आपटले, उभी तडकले आणि पाण्यात पडले. तिथून मी पाहत होते. धर्माजी भिंतीला धरत, एका पायावर उड्या मारत घराकडे निघाला. दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. याच माणसांनी मला हात लावून नमस्कार केला होता. एकानंही त्याला खांदा दिला नाही. काशी कासोटा खोचून तळ्यात उतरली आणि तिनं मला बाहेर काढलं. तिला पाहून कुणी तरी थुंकलं.

दुसऱ्याच आठवड्यात रघू भरती झाला. निघताना आईच्या पाया पडला, भावाच्या पडला नाही. धर्माजी ओटीवर बसून होता. एवढंच म्हणाला, "मोजं भिजलं तर लगेच बदल. वल्या मोज्यात निजू नको."

"व्हय," रघू म्हणाला आणि गेला. वाजतगाजत गेला. ढोल होते, गुलाल होता.

त्यानंतर धर्माजीला कुणी सभेला बोलावलं नाही. शाळेतली मुलं त्याच्यामागं लंगडत चालायची. चांगल्या घरातली, गोरीगोमटी, कवितेत बक्षीस मिळवणारी मुलं ती. कुणीही त्यांना दटावलं नाही. पुढच्या वर्षी भातलावणीच्या दिवसांत काशी चिखलात वाकलेली असे आणि धर्माजी माझ्या आधारानं बांधावर उभा राहून रोपांच्या मुठी तिच्याकडे फेकत असे. तडकलेली होते तरी मी त्याला एकदाही पडू दिलं नाही. त्या कामाचा मला हारापेक्षा जास्त अभिमान आहे.

त्यानंतरच्या शिमग्याला रघू रजेवर आला. गणवेशात फार देखणा दिसत होता. गावानं त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुकाट्यानं ओटीवर आला, डब्याचा पत्रा कापून माझ्या तडकलेल्या अंगाभोवती गुंडाळला आणि बारीक खिळे ठोकू लागला. धर्माजी शेजारी बसला होता.

"बूट चांगलं दिल्यात, दादा," रघू म्हणाला.

"झालं तर मग."

रघूनं आणखी एक खिळा ठोकला. "मला घरी रावंसं वाटतं रं. तिथं एक पोरगा सरावातच मेला. माज्या फुडं. त्या दिवशी तू काय म्हनत व्हतास ते आता समजतंय. पन मी आता ते कोनाला सांगू? गावाला सांगू? सांगनाऱ्याचं काय करायचं ते मीच तर दावलं त्यांना."

धर्माजीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. आठ दिवसांनी रघू परत गेला. या खेपेला तो भावाच्या पाया पडला.

एकोणीसशे पासष्टच्या सप्टेंबरात पाकिस्तानशी लढाई झाली. शाळेतल्या रेडिओभोवती गाव जमायचं. शत्रूची किती माणसं मेली ते ऐकून पोरं टाळ्या वाजवायची. लढाई थांबली त्या दिवशी गावानं पेढे वाटले, ढोल काढले. त्याच दिवशी आमच्या घरी तार आली. रघू पंजाबात कुठल्याशा उसाच्या शेतात मारला गेला होता. ठमाबाईनं हंबरडा फोडला. बाहेर ढोल एवढ्या जोरात वाजत होते की तो शेजारच्या घरातही ऐकू गेला नाही.

धर्माजी मला घेऊन चौकात गेला. मास्तरांना म्हणाला, "ढोल थांबवा. आमचा रघू गेला."

मास्तर ढसाढसा रडले. रघू त्यांचा आवडता विद्यार्थी होता. त्यांनी डोळे पुसले, धर्माजीला मिठी मारली आणि म्हणाले, "धर्माजी, आज आपलं गाव धन्य झालं!" मग वळून त्यांनी लोकांना ते सांगितलं. क्षणभर ढोल थांबले. नंतर ते पहिल्यापेक्षा मोठ्यानं वाजू लागले.

प्रेत आलं नाही. एक पेटी आली. तिच्यात दोन सदरे, दाढीचं सामान आणि काशीनं दिलेली लोणच्याची रिकामी बरणी होती. ठमाबाई कितीतरी दिवस त्या बरणीचा वास घेत बसायची.

सव्वीस जानेवारीला चौकात रघूच्या नावाचा दगडी खांब उभा राहिला. धर्माजीला पुन्हा मानानं बोलावलं. आता तो पळपुटा नव्हता, हुतात्म्याचा भाऊ होता. पुन्हा हार आले. माझ्याही गळ्यात एक पडला. झेंडूच होता, पण मला तो सापासारखा थंड लागला.

मास्तर बोलू लागले, "आपला रघू हसत हसत मृत्यूला सामोरा गेला!" टाळ्या झाल्या. मग त्यांनी ठमाबाईला पुढं आणलं. "वीरमाता दोन शब्द बोलतील."

ठमाबाईनं पदर सावरला. तिनं मास्तरांकडे पाहिलं.

"मास्तर, तुमी तिथं व्हतात काय?"

"नाही, आई."

"मग तो हसला ते कोनी पायलं? लहानपनी काटा रुतला तरी माज्या मांडीवर येऊन रडायचा. माजं लेकरू येकटं व्हतं तिथं. त्याला दुखलं असंल. तुमी त्याला हसवू नका. मी तुमच्या पाया पडते, माज्या लेकराला..."

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. गर्दीतून घोषणा उठली, "वीरमाता ठमाबाई की जय!" ती बोलत राहिली. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. ती जेवढी बोलायला बघे तेवढा जयजयकार वाढे. त्या बाईला शिव्या देऊन कुणी गप्प केलं नाही, मित्रांनो. तिला जय म्हणून गप्प केलं.

मग मास्तरांनी पुढच्या रांगेतल्या मुलांना विचारलं, "तुमच्यातला कोण रघू होणार?" सगळे हात वर झाले.

धर्माजी उठला. माझ्या गळ्यातला हार काढून त्यानं खुर्चीवर ठेवला, आईचा हात धरला आणि आम्ही तिघं त्या गर्दीतून घरी आलो.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की अखेरीस म्हणतात, मला जपा, मला अडगळीत टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. मी लाकूड आहे. अडगळीत पडले काय, चुलीत गेले काय, मला दुखणार नाही. तुम्ही देशावर प्रेम करा, जरूर करा. पण परत आलेला शिपाई बोलू लागला, की ढोल खाली ठेवा आणि त्याचं शेवटपर्यंत ऐका. आणि कुठली आई बोलत असेल, तेव्हा तरी जय म्हणू नका.