चाक टेकलं की हात पुढे

जहाजावर विमान उतरवणाऱ्यांकडून पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घोकून घेतात: चाक टेकलं की हात पुढे. म्हणजे थ्रॉटल पूर्ण पुढे, इंजिन सगळ्या ताकदीनिशी. बाकीचं जग उतरताना वेग कमी करतं, ही मंडळी वाढवतात. शेपटीचा आकडा डेकवरच्या तारेत अडकला तर ठीक. नाही अडकला तर समोर समुद्र, आणि पुन्हा उडायला ताकद आधीच हवी. तार हुकली हे कळल्यावर जो हात पुढे करतो, त्याचं मागे नुसतं नाव उरतं.

घारीला हे कधी सांगावं लागलं नव्हतं. स्क्वाड्रनमध्ये सगळे त्याला घार म्हणत, कारण खालची तार त्याला जणू आकाशातूनच दिसायची. युद्धात त्याचं विमान शत्रूच्या किनाऱ्यावर पडलं, पॅराशूटने तो उतरला तो थेट त्यांच्या तावडीत. चार वर्षं कैदेत काढून परतला तेव्हा हारतुऱ्यांना तोटा नव्हता. पदक मिळालं, बढती झाली, भाषणांची आमंत्रणं आली. विमान तेवढं कोणी देईना. "तुमचा अनुभव फार मोलाचा आहे," साहेब लोक म्हणायचे. म्हणजे देव्हाऱ्यात बसा आणि तिथून हलू नका. हा माणूस चार वर्षं कशावर जगला, हे विचारायला मात्र एकालाही फुरसत नव्हती. कोठडीत डोळे मिटून तो रोज जहाजावर उतरायचा, त्यावर जगला.

उंबरठे झिजवून झिजवून शेवटी त्याने चाचणी पदरात पाडून घेतली. आधी जमिनीवर, धावपट्टीवर आखलेल्या डेकवर उतरायचं. जमलं तर मग जहाज. पारखायला लंबू होता. लंबू त्याचा जुना जोडीदार. घारीचं विमान पडलं त्या दिवशी शेजारून उडत होता आणि एकटाच परत आला होता. आता तो स्क्वाड्रनचा प्रमुख होता, पण घारीशी बोलताना अजून आधी घसा साफ करायचा.

घार खाली आला तो अगदी सुतात. वेग बरोबर, उंची बरोबर. लंबूचा जीव भांड्यात पडला. चाकं धाडकन आपटली आणि घारीचा डावा हात थ्रॉटल मागे ओढत थेट छातीशी आला. लांबलचक धावपट्टीवर विमान आरामात थांबलं. जहाज असतं आणि तार हुकली असती तर पाण्यात गेलं असतं.

लंबूने त्याला खोलीत नेऊन दार लोटलं.

"काय झालं रे?"

"आवाज झाला."

"चाकांचा? तो होणारच की."

"तिकडे दाराची कडी आदळली की मारायला यायचे. हात आधीच छातीशी घेतला की बोटं वाचायची." घार आपल्या हाताकडे तो दुसऱ्या कोणाचा असल्यासारखं बघत होता.

लंबूने घसा साफ केला. "मी एकट्यानेच पाहिलंय. उद्या परत जाऊ."

"उद्या काय दुसरा हात आणू? उपकार नकोत, लंबू. नापास म्हण."

"नापास," लंबू म्हणाला. त्याने इतक्या पटकन म्हटलं की घारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी बायको स्वयंपाक करत होती. पातेल्यावरचं झाकण काढून तिने ओट्यावरच्या घडी घातलेल्या कापडावर ठेवलं. जराही आवाज झाला नाही. घार बघतच राहिला. मग त्याने घरभर नजर फिरवली. दारांच्या चौकटींना जाड कापडाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. झोपायच्या खोलीची कडी गायब होती, स्क्रूची भोकं तेवढी राहिली होती. वर्षभर तो या घरात राहत होता आणि यातलं काही त्याला दिसलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? चार वर्षं वाट बघितली मी. तुम्ही दारात आलात आणि पहिला प्रश्न काय, तर 'स्क्वाड्रन कुठे आहे सध्या?' " तिने गॅस बंद केला. "म्हटलं, हा माणूस विमानासाठी परत आलाय. तेही मी काढून घेतलं तर इथे कशाला राहील?"

त्याने कापडावरच्या झाकणाकडे बोट दाखवलं.

"झाकण पाड," तो म्हणाला. "मी हात पुढे करतो."

"अहो, कशाला?"

"पाड म्हणतो ना."

तिने झाकण फरशीवर सोडलं. हात छातीशी गेला. तिने उचललं, पुन्हा सोडलं. तो दात आवळून उभा होता, कपाळावर घाम, हात पुढे ताणलेला. आवाज झाला आणि हात छातीशी गेला. तिसऱ्यांदाही तेच.

"परत," तो म्हणाला.

तिने झाकण उचललं, पदराने पुसलं आणि कापडावर ठेवून दिलं.