लाल टोकाच्या खुंट्या

सत्तावन साली भिलाईत कारखान्याच्या आधी खुंट्या उगवल्या. लाल टोकाच्या, वीतभर जमिनीबाहेर. जिथे त्यांची रांग, तिथे उद्या रस्ता नाहीतर नाली, एवढं कुरुदकडच्या झोपड्यांमधल्या बायांना कळायला लागलं होतं.

वच्छलाचा नवरा कृष्णराव नागपूरकडची रेल्वेची गँग सोडून इथे नाली खोदणाऱ्या टोळीत लागला होता. नागपंचमीच्या आदल्या दिवशी तिने पाहिलं, तर एक खुंटी नेमकी वारुळाच्या तोंडाशी. उद्या ज्याला दूध वाहायचं त्याच्याच घरावरून नाली! तिने इकडेतिकडे पाहिलं, खुंटी उपटली आणि चार हात पलीकडे दगडाने ठोकून दिली. रांगेला जरासा बाक आला. पण साहेबांनाच इतकी घाई, की पुन्हा दोरी धरून कोणी पाहिलं नाही.

दिवाळीनंतर खोदकाम वारुळापाशी आलं. त्या सकाळी शेजारची हिरा घागर घेऊन दारात थांबली.

"वच्छले, तुमचे कृष्णराव आज जुन्या विहिरीवर खोदून राहिले का वो?"

"कोणती विहीर?"

"बुजवलेली. म्हातारा लहानू सांगे, नुसता कचरा भरला हाये, पावसाळ्यात अजून खचते. साहेबाने तर तिले टाळून खुंट्या ठोकल्या होत्या म्हणे."

वच्छलाच्या हातातली कणीक तशीच राहिली. सांगावं तर नवऱ्याची नोकरी जाणार. न सांगावं तर... पुढचं तिच्या मनात येईना. ती पळत सुटली.

कृष्णराव छातीभर खोल उभा होता. बाजूची माती काळी, ओली. तिचे बारीक खडे आपोआप गळत होते.

"वर या!"

"कावून? भाकर आणली का?" टोळी हसली.

"वर या म्हणते ना! खुंटी म्या हलवली!"

हसणं थांबलं. ओव्हरसियर ओमप्रकाश धावत आला. "क्या बोली?"

कृष्णराव वर चढला. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. "माही नोकरी खाल्ली तू," तो म्हणाला. त्याच वेळी त्याच्या मागची कड खाली बसली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. आत उभं ठेवलेलं त्याचं फावडं दिसेनासं झालं.

ओमप्रकाशने नकाशा उघडला. "और कौनसी हटाई?"

"एकच, साहेब. देवाशपथ एकच."

झोपड्यांतून बाया जमल्या होत्या. धीरासाठी वच्छला हिराकडे वळली, तर हिराचा चेहरा पांढराफटक.

"म्या... तुळशीपाशची," हिरा म्हणाली.

"आमची मरीआईजवळची," मागून कोणी बोललं. तिसरीने नुसता हात लांब केला.

त्या हाताच्या दिशेने नाली दूरवर गेली होती. जागोजागी नुसती डोकी दिसत होती, फावडी वरखाली होत होती. कुठली खुंटी कुठे सरकली आणि तिथे खाली काय आहे, कोणालाच ठाऊक नव्हतं.

वच्छलाने पदर खोचला आणि "वर या, वर या" असं ओरडत ती नालीच्या काठाने धावू लागली. तिच्यामागे हिरा, आणि मग साऱ्याच बाया.