मुक्ताई उठल्या

२०२२ सालची गोष्ट. वर्षभरापूर्वीच दशरथने पुण्याजवळच्या धायरीतल्या नव्या इमारतीत घर घेतलं होतं आणि आईला, मुक्ताईंना, बजावलं होतं, "लय राबलीस. आता इकडची काडी तिकडं करायची नाही."

उभ्या हयातीत वैरणीचे भारे वाहिलेल्या बाईला हे सुख चार महिने गोड लागलं. मग जिना जड झाला, मग उंबरा. शेवटी संडासातून उठायलाही सून मैनाला हाक मारावी लागू लागली. मैना कधी कुरकुरली नाही, पण दर हाकेला मुक्ताईंना मेल्याहून मेल्यासारखं होई.

दशरथ मात्र छाती फुगवून सांगे, "आईला मी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही!"

वरच्या मजल्यावरच्या उत्कर्षालाही त्याने दारात हेच ऐकवलं. ती फिजिओथेरपिस्ट.

"वा! म्हणजे आजींना खुर्चीला खिळवलंत ते तुम्हीच."

"अहो ताई, त्र्याहत्तर वय हाय तिचं! आता कुठली ताकद यायची?"

"येते, दादा. स्नायूंच्या पेशींत बारीक बारीक भट्ट्या असतात. खाल्लेल्या अन्नातून त्या शक्ती तयार करतात. काम मिळालं नाही, की मंदावतात, कमी होतात. व्यायाम केला, की या वयातही वाढतात."

मुक्ताई आतून ऐकत होत्या. "मला शिकव, पोरी. संडासातनं माझी मी उठले, तरी बास!"

दशरथची मान खाली गेली. आईला तेवढंही जमत नाही, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून धडा सुरू झाला. खुर्चीतून हात न टेकता उठायचं. दोनदाच जमलं, मांड्या लटलटल्या. दशरथ सावरायला धावला.

"हात लावशील तर बघ!" मुक्ताई कडाडल्या. "तुझ्या मायेनंच मला लुळं केलंय रं!"

तो मागे सरला. पुढे तीन महिने नुसता शेजारी उभा राहिला.

आणि एका सकाळी हाक आलीच नाही! मैना घाबरून संडासाच्या दाराशी गेली, तर मुक्ताई भिंत न धरता बाहेर येत होत्या.

"बघतीस काय? सरक, चहा मी टाकते."

आज मुक्ताई सत्त्याहत्तरच्या आहेत, भाजीची पिशवी घेऊन दोन मजले चढतात. मैना त्यांच्याबरोबर व्यायाम करते. दशरथने लिफ्ट सोडली. उत्कर्षा सोसायटीतल्या अठरा आजी-आजोबांना शिकवते.

वाचकहो, वडीलधाऱ्यांची सेवा जरूर करा, पण त्यांच्या हातचं काम काढून घेऊ नका. जाणकाराला विचारून त्यांना हलतं ठेवा. आपल्या पायांवर उठण्याचा मान शेवटपर्यंत त्यांचाच आहे!